बाळाच्या छातीत घरघर: घरी काय बघायचं आणि दवाखान्यात कधी निघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाळ ३५ व्या आठवड्यात झालं. जन्मल्या जन्मल्या कण्हत होतं, म्हणून काही दिवस एसएनसीयूत (सरकारी रुग्णालयातला आजारी नवजात बाळांचा विशेष कक्ष) सीपॅपवर (नाकातल्या नळीतून हवेचा दाब देणारं साधन) होतं. कार्डावर ‘आरडीएस’ (लवकर जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसांचा श्वासाचा आजार) लिहिलंय. आता दीड महिन्याचं आहे, दूध ओढतं, वजन वाढतंय, पण छातीत सारखी घरघर ऐकू येते. सासूबाई धुरी द्या म्हणतात, जाऊबाईंनी त्यांच्याकडचं नेब्युलायझरचं मशीन आणून दिलंय. मोठा मुलगा चार वर्षांचा. सर्दी झाली की त्याला धाप लागते आणि डॉक्टरांनी पंप लिहून दिलाय. पंपाची सवय लागेल का? आणि नेमकं घाबरायचं कधी?

ताई, आधी बाळाचं बोलू. तुम्ही ओझरत्या लिहिलेल्या दोन गोष्टी मला घरघरीपेक्षा महत्त्वाच्या वाटतात: बाळ दूध ओढतंय आणि वजन वाढतंय. दूध ओढणं हे या वयातलं सगळ्यात कष्टाचं काम. चोखायचं, गिळायचं आणि मध्येच श्वासही घ्यायचा. ज्याला श्वासाचाच त्रास आहे त्याला हे तिन्ही एकत्र जमत नाही. ते दोन घोट घेतं, सोडतं, दमतं, घामेजतं आणि न पिताच झोपून जातं. तुमचं बाळ तसं करत नाहीये.

मग घरघर कुठून येते? बहुतेक वेळा नाकातून. लहान बाळं जवळजवळ पूर्णपणे नाकानेच श्वास घेतात आणि ती वाट जेमतेम काही मिलिमीटरची असते. थोडा शेंबूड, वर आलेलं थोडं दूध एवढ्यानेही आवाज होतो. छातीची भिंत पातळ असल्यामुळे तो आवाज थेट छातीवर ठेवलेल्या तळहाताला जाणवतो आणि घरात सगळे म्हणतात, कफ साठलाय. औषधाच्या दुकानात साध्या मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे नाकाचे थेंब मिळतात. पाजण्याआधी दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब टाका, दोन मिनिटांनी स्वच्छ मऊ कापडाच्या वातीने नाकाच्या तोंडाशी आलेला शेंबूड टिपून घ्या आणि पुन्हा ऐका. आवाज कमी झाला तर तो नाकाचाच होता.

आवाज फक्त श्वास आत घेताना येत असेल, बाळ उताणं असताना वाढत असेल आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून सुरू झाला असेल, तर स्वरयंत्राचा भाग मऊ असल्याची शक्यता असते. बहुतेक मुलांत तो वर्ष-दीड वर्षात आपोआप घट्ट होतो. तरी एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या, कारण ओपीडीत बाळ नेमकं शांत झोपलेलं असतं.

आता मुख्य काम. आवाजाने घाबरायचं किंवा निश्चिंत व्हायचं सोडून श्वास बघायला शिका. मी वॉर्डात आईला घरी सोडण्याआधी हे करायला लावतो, आणि आजी बरोबर असेल तर आजीलाही.

बाळ शांत असताना बघायचं. झोपलेलं असेल तर उत्तम. रडताना, पिताना, तापाने फणफणलेलं असताना मोजलेला आकडा फसवा असतो. अंगावरचं दुपटं आणि झबलं छातीच्या वर सरकवा, म्हणजे छाती आणि पोट दोन्ही उघडं दिसेल. उजेड हवा. हात लावू नका, लावला की श्वासाची लय बदलते. मोबाईलवर एक मिनिटाचं टायमर लावा आणि पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक, असं मोजा. पूर्ण साठ सेकंद मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण नवजात बाळाचा श्वास एकसारखा नसतो. ते काही वेळ भरभर श्वास घेतं, मग पाच-दहा सेकंद थांबतं आणि पुन्हा सुरू करतं. हे थांबणं नॉर्मल आहे. वीस सेकंदांचा थांबा, किंवा थांब्याबरोबर निळेपणा किंवा अंग ढिलं पडणं, हे मात्र नॉर्मल नाही. तशा वेळी तळपायावर टिचकी मारून बाळाला जागं करायचं आणि लगेच निघायचं.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा मिनिटाला ६० किंवा जास्त आला तर थोडं थांबून पुन्हा पूर्ण मिनिट मोजा. दुसऱ्यांदाही तेवढाच आला तर तो खरा. दोन महिने ते एक वर्षापर्यंत ही मर्यादा ५० आहे, एक ते पाच वर्षांपर्यंत ४०. जागतिक आरोग्य संघटनेचे हेच आकडे आपली आशाताई वापरते.

आकड्याहूनही मोठी खूण म्हणजे छाती आत ओढली जाणं. श्वास आत घेताना बरगड्यांची खालची कडा बाहेर यायला हवी. ती आत खेचली जात असेल, दर श्वासाला तिथे खळगा पडत असेल, तर फुप्फुसं कडक झाली आहेत किंवा वाट अडली आहे. अगदी लहान बाळात किंचित खळगा कधी कधी निरोगीपणीही दिसतो, पण खोल आणि सहज नजरेत भरणारा खळगा म्हणजे दवाखाना. त्याच्या जोडीला नाकपुड्या फुलणं, दर श्वासाला मान हलणं आणि श्वास सोडताना ‘अंह्, अंह्’ असं कण्हणं. खेड्यापाड्यात याला पोट उडणं किंवा डबा म्हणतात आणि जुन्या बाया ते बरोबर ओळखतात. दुःख एवढंच की ओळखल्यावर काही ठिकाणी उपाय भलताच होतो. मेळघाटात डंबा म्हणून पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देण्याची प्रथा आजही पूर्ण संपलेली नाही. त्याने श्वास सुधारत नाही. भाजल्याच्या वेदनेत आणि जंतुसंसर्गात बाळाची उरलेली ताकद जाते.

रंग बघायचा तो जिभेचा आणि ओठांच्या आतल्या बाजूचा. थंडीत हातपाय निळसर दिसतात, त्याला अर्थ नाही. जीभ निळी किंवा राखाडी असेल तर घरी काहीही करत बसू नका. मोठ्यांच्या बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तान्ह्या बाळाच्या बोटाला लावून आलेला आकडाही धरू नका. तो कधी ७० दाखवून जीव घाबरवतो, तर कधी उगाच धीर देतो.

मोजण्याची गोष्ट मी एवढी लावून धरतो त्याला कारण आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ या आपल्या संस्थेतर्फे १९८० च्या दशकाच्या अखेरीस हेच केलं. ज्या सुईणींना मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी मणी आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ असलेली साधी पट्टी बनवली. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला की न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. १९९० मध्ये त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत जेवढी मुलं न्यूमोनियाने जात होती, त्याच्या निम्म्याहूनही कमी या गावांत जात होती. ना एक्स-रे होता, ना स्टेथोस्कोप. नीट बघणं आणि वेळेवर दिलेलं साधं अँटिबायोटिक, एवढ्याने हे झालं. पुढे घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासायची पद्धत देशभर आली ती याच कामातून. घरी येणाऱ्या आशाताईला दारातून परत पाठवू नका, तिला मोजायला सांगा.

तुमच्या कार्डावरच्या ‘आरडीएस’बद्दल. फुप्फुसातल्या बारीक वायुकोशांना आतून सरफॅक्टंट नावाचा लेप असतो. त्यामुळे श्वास सोडला तरी ते पूर्ण मिटत नाहीत. हा लेप गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत पुरेसा तयार होतो. लवकर आलेल्या बाळात तो कमी पडतो आणि दर श्वासाला मिटलेले कोश नव्याने उघडावे लागतात. तुमचं बाळ कण्हत होतं ते उगाच नाही. श्वास सोडताना स्वरयंत्र अर्धवट मिटून ते हवा आत अडवून धरत होतं, म्हणजे कोश मिटू नयेत. सीपॅप तेच काम बाहेरून करतो. बाळाशेजारी बुडबुडे येणारी पाण्याची बाटली तुम्ही पाहिली असेल. नळीचं टोक पाण्यात पाच सेंटिमीटर बुडवलं की बाळाच्या फुप्फुसांत तेवढाच दाब टिकतो. त्या बुडबुड्यांवर रात्रभर नजर ठेवणारी सिस्टर हा या उपचाराचा खरा कणा. नाकातली नळी जरा सरकली की बुडबुडे थांबतात आणि तासाभरात बाळ पुन्हा कण्हायला लागतं.

१९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेचौतिसाव्या आठवड्यात जन्मला, वजन दोन किलोच्या वर, म्हणजे जवळपास तुमच्या बाळाएवढाच. याच आजाराने तो ३९ तासांत गेला. तिथल्या उत्तमोत्तम डॉक्टरांकडेही तेव्हा ऑक्सिजन आणि तो जास्त दाबाने देणारी टाकी यापलीकडे फारसं काही नव्हतं. जॉर्ज ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात बाळांवरचा सीपॅप १९७१ मध्ये मांडला. आईला मुदतीआधी कळा आल्यास स्टेरॉइडची इंजेक्शनं देऊन बाळाची फुप्फुसं आधीच तयार करता येतात, हे लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये न्यूझीलंडमधून दाखवलं. आज जिल्हा रुग्णालयातल्या एसएनसीयूतून अशी बाळं रोज घरी जातात. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात ३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या, तर त्या इंजेक्शनांबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

या बाळांची फुप्फुसं बहुधा पूर्ण सावरतात. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. पहिली म्हणजे डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. मुदतीआधी जन्मून ऑक्सिजन किंवा सीपॅप लागलेल्या बाळाचा पडदा साधारण चौथ्या आठवड्यात नेत्रतज्ज्ञाने बघायला हवा. कार्डावर तशी नोंद नसेल तर याच आठवड्यात एसएनसीयूत फोन करून विचारा. ही तपासणी राहून गेल्यामुळे नजर गमावलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यातली बरीचशी टाळता आली असती. दुसरी म्हणजे पहिल्या वर्षी साध्या सर्दीचा विषाणूही या बाळांना जास्त त्रास देतो. विशेषतः आरएसव्ही, जो आपल्याकडे पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून थंडीपर्यंत जोरात असतो. नाक वाहतं, दोन दिवसांनी खोकला आणि घरघर सुरू होते, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त असतो आणि मग उतरतो. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. याला ब्रॉन्किओलायटिस म्हणतात. अँटिबायोटिक त्याला लागत नाही, श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉलच्या वाफेचाही बहुतेकांना उपयोग होत नाही. नाक मोकळं ठेवणं, थोडं थोडं आणि वारंवार पाजणं, आणि लागलाच तर दवाखान्यात ऑक्सिजन, एवढाच उपचार. आजाराच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टर बदलू नका. पुढचे दोन-तीन दिवस सगळ्याच डॉक्टरांकडे वाईटच असतात.

म्हणून जाऊबाईंचं मशीन सध्या परत द्या. नेब्युलायझर हे फक्त औषध पोचवायचं साधन आहे. आत काय घालायचं हे कुणी लिहून दिलेलं नसताना ते बाळाच्या तोंडाला लावण्यात अर्थ नाही. दुसऱ्याचा न धुतलेला मास्क आणि नळी तर जंतूंचं घरच.

धुरीबद्दल सासूबाईंशी तुम्हालाच बोलावं लागेल, तेव्हा त्यांचा मान राखून कसं सांगायचं ते सांगतो. बाळाला ऊब हवी, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. जुन्या दगडी घरांत, पावसाळ्यात, शेगडी हाच उबेचा मार्ग होता. पण निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, धूप टाकला की ऊब राहते बाजूला आणि बारीक कणांचा धूर थेट या नाजूक वायुकोशांत जातो. बंद खोलीतली कोळशाची शेगडी तर कार्बन मोनॉक्साइडमुळे आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतते. ऊब द्यायची तर उघड्या छातीवर बाळ ठेवून वरून शाल घ्या. हे आजीनेही करायला हरकत नाही, आणि मी सांगितल्यावर कितीतरी आज्या ते आवडीने करतात. मालिश करा, फक्त नाकात तेल किंवा तूप सोडायला मालिशवालीला सक्त मनाई करा. ते श्वासावाटे फुप्फुसात उतरतं आणि त्याचा होणारा न्यूमोनिया बरा व्हायला फार चिवट असतो. कापराची पुडी गळ्यात नको, बाम नको, वेखंडाची पूड नाकाजवळ नको. कापूर पोटात गेला तर झटके येतात. मध एक वर्षापर्यंत नाही. गरम पाण्याच्या पातेल्याची वाफ कुठल्याच लहान मुलाला देऊ नका. त्याने बरी झालेल्या सर्दीपेक्षा भाजलेली मुलंच मी जास्त पाहिली आहेत.

खोकल्याच्या सिरपबद्दल स्पष्ट सांगतो. दोन वर्षांच्या आत अजिबात नाही, आणि पाच वर्षांपर्यंत सहसा नाहीच. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेलं खोकल्याचं औषध घेऊन मुलांची मूत्रपिंडं बंद पडली. त्यातली अनेक नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली आणि तिथेच दगावली. साध्या, आपोआप बऱ्या होणाऱ्या खोकल्यासाठी ही मुलं गेली. औषध शुद्ध असतं तरी या वयात त्याचा उपयोग नव्हता, हे मला जास्त लागतं.

आता मोठ्याकडे येऊ. सर्दी झाली की धाप, रात्री आणि पहाटे खोकला, पळाल्यावर किंवा खूप हसल्यावर खोकला, आणि घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल, तर डॉक्टरांनी पंप लिहून दिला ते योग्यच आहे. पंपाची सवय लागत नाही. तुम्हाला भीती स्टेरॉइडची असेल, तर हिशोब बघा. रोजच्या पंपातून लहान मुलाला साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅम औषध मिळतं. धाप लागल्यावर १५ किलोच्या मुलाला तोंडाने स्टेरॉइड द्यावं लागलं तर ते दिवसाला सुमारे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १५,००० मायक्रोग्रॅम असतं. पंप नको म्हणून वर्षातून चार-पाच वेळा असे डोस घेणारी मुलंच जास्त स्टेरॉइड घेतात. रोजचा पंप सुरू केल्यावर पहिल्या वर्षी उंची साधारण अर्ध्या सेंटिमीटरने मागे पडू शकते, हे खरं आहे आणि लपवायचं कारण नाही. रात्र-रात्र खोकणाऱ्या, न जेवणाऱ्या मुलाची वाढ त्याहून जास्त मागे पडते.

मात्र पंप नुसता तोंडात मारायचा नाही. स्पेसर, म्हणजे ती प्लास्टिकची नळकांडी हवीच. पंप जोरात हलवा, स्पेसरला जोडा. चार वर्षांच्या मुलाला तोंडात धरायला जमत नसेल तर मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवा. एक पफ दाबा आणि शांतपणे पाच-सहा श्वास घेऊ द्या. दुसरा पफ हवा असेल तर पुन्हा हलवून, पुन्हा पहिल्यापासून. दोन पफ एकदम मारले की औषध भिंतीला चिकटून वाया जातं. रडत असताना जबरदस्तीने दिलेलं औषधही छातीत फारसं पोचत नाही, तेव्हा आधी बाहुलीला पंप द्यायचा खेळ खेळा. रोजच्या पंपानंतर चूळ भरायला लावा आणि मास्क असेल तर चेहराही पुसा. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू द्या. फडक्याने पुसला तर आतल्या भिंतीला औषध जास्त चिकटतं. दोन पंप असतील तर आराम देणारा कोणता आणि रोजचा कोणता, हे त्यांच्यावर मराठीत चिकटपट्टीवर लिहून ठेवा. बरं वाटलं म्हणून रोजचा पंप आपल्या मनाने बंद करणं हेच बहुतेक मुलं दिवाळीत ॲडमिट होण्याचं कारण असतं. त्या दिवसांत फटाके, थंडी, घराची साफसफाई आणि ऊसपट्ट्यात पाचटाचा धूर, सगळं एकदम येतं. डास मारायची कॉइल आणि खोलीतली उदबत्ती तर आजच बंद करा, ती दोन्ही मुलांना बाधते.

घरात चार वर्षांचा आणि तान्हं बाळ दोघं आहेत, म्हणून न विचारलेलं एक सांगतो. शेंगदाणे, फुटाणे, सीताफळाच्या बिया. मोठा प्रेमाने बाळाला भरवतो, किंवा स्वतः पळता पळता खातो. खाताना अचानक ठसका लागला, मग शांत झालं आणि नंतर दिवसेंदिवस एकाच बाजूला घरघर, असं असेल तर तो ठसका डॉक्टरांना आवर्जून सांगा. एक्स-रे नॉर्मल असला तरी श्वासनलिकेत दाणा असू शकतो आणि तो दुर्बिणीनेच काढावा लागतो. डोळ्यांदेखत श्वास अडकला आणि आवाज निघत नसेल, तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या टाचेने पाच दाब. दिसत नसताना घशात बोट घालायचं नाही, दाणा आणखी आत जातो.

तर निघायचं कधी? दीड महिन्याच्या बाळासाठी माझी मर्यादा फार खाली आहे. श्वास ६० किंवा वर, छातीत खळगा, कण्हणं, नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध, सहा-आठ तास कोरडं लंगोट, काखेत ३७.५ अंश सेल्सियस किंवा जास्त ताप, किंवा उलट अंग गार पडणं, उठवूनही नीट न उठणं. यातलं एकही पुरे, आणि रात्र असली तरी सकाळची वाट बघायची नाही. दोन महिन्यांच्या आतल्या न्यूमोनियाला तोंडाने द्यायचं औषध घेऊन घरी थांबायचं नसतं, इंजेक्शनं लागतात. १०८ किंवा १०२ ला फोन करा. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात नेणं-आणणं आणि उपचार मोफत आहेत. वाटेत बाळ छातीशी, उभं धरून, टोपी घालून. धापा टाकत असेल तर पाजायचा आग्रह नको. एसएनसीयूचं कार्ड बरोबर घ्या आणि निघण्याआधी फोनवर एवढंच विचारा की तान्ह्या बाळासाठी ऑक्सिजन आणि सीपॅप आहे का. नसेल तर तिथे थांबून दोन तास घालवू नका.

आणि बाळ दीड महिन्याचं आहे, म्हणजे सहा आठवड्यांच्या लसी आल्या: पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटा आणि न्यूमोनियाची पीसीव्ही, सरकारी केंद्रात सगळ्या मोफत. तारीख जन्मापासून मोजायची. बाळ लवकर जन्मलं म्हणून पुढे ढकलायची नाही, आणि नाकात घरघर आहे म्हणून तर मुळीच नाही.